फड्या निवडुंगाचं माहेर



मागच्या महिन्यातली आमच्या गटाची बैठक. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते जमा झाले, वही बंद करणार एवढ्यात एक विषय निघाला. आमच्या गावाच्या गायरानात ओढ्याच्या कडेनं फड्या निवडुंगाची जुनी रांग आहे. ती जेसीबी लावून काढायची, त्या जागी बिनकाट्याचा निवडुंग लावायचा, म्हणजे उन्हाळ्यात शेळ्यांना ओला चारा होईल, आणि गटानं त्यात पैसे घालावेत, असा प्रस्ताव आला होता. तरण्या सुना म्हणाल्या, काढा की, त्या काट्यांचा काय उपयोग? तेवढ्यात गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी म्हणाल्या, "आगं, ह्यो निवडुंग रामाच्या काळापास्नं हाय. त्येला हात लावू नगा."

एक जण माझ्याकडं वळून म्हणाली, "ताई, तुम्ही बीएला इतिहास घेतला होता ना? मग सांगा, खरंच हा रामाच्या काळापासूनचा आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. लढाया, तह, सनावळ्या पाठ केल्या होत्या, पण गावाच्या कुंपणाचा इतिहास कुणी शिकवला नव्हता. म्हटलं, पुढच्या बैठकीपर्यंत वाचून येते. जे वाचलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी एक घोळ निस्तरू. आपण निवडुंग म्हणतो ती झाडं एका घराण्यातली नाहीत. एक आहे चिकाचा निवडुंग. त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग ही त्याची नावं. फांदी मोडली की पांढरा दुधासारखा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, म्हणून पोरांना जपावं. हा निवडुंग आपल्या देशात फार जुना आहे. चरकसंहितेत स्नुही म्हणून ज्याचा उल्लेख येतो, तो याच घराण्यातला. दुसरा आहे फड्या निवडुंग. हातपंख्यासारखे जाड फडे एकावर एक, त्यावर काटे, वर पिवळी किंवा तांबूस फुलं आणि मग ती लाल बोंडं, जी खाऊन आपण लहानपणी जीभ लाल करून घेतली आणि ओठात बारीक कुसं घुसली म्हणून रडलो. याचा फडा कापला तर पांढरा चीक येत नाही, पाणचट चिकट रस येतो. ओळखायची खूण एवढीच. चीक असेल तो इथला, फडा असेल तो बाहेरचा.

म्हणजे आजींचं म्हणणं अर्धं खरं निघालं. पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे. तुकोबांची पालखी पुण्यात येते तेव्हा तिथंच मुक्कामाला असते. निवडुंगात मूर्ती सापडली म्हणून देवाला ते नाव पडलं असं सांगतात. निवडुंग हा शब्द आपला, देवाच्या नावापर्यंत गेलेला. पण नवा काटेरी पाहुणा आला तेव्हा आपल्या लोकांनी त्यालाही तेच नाव दिलं, आणि दोन पिढ्यांत तो पाहुणा आहे हेच सगळे विसरले.

मग याचं माहेर कुठलं? समुद्रापलीकडे, अमेरिका खंडात. फडे असलेल्या निवडुंगाचं सगळं घराणंच तिकडचं. उत्तरेला कॅनडापासून दक्षिणेला अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत त्याच्या नाना जाती आपोआप उगवतात. आपल्याकडे त्यातल्या मुख्यतः तीन आल्या. एकीचा मूळ प्रदेश दक्षिण ब्राझील, उरुग्वे, पॅराग्वे आणि अर्जेंटिनाचा उत्तर भाग. दुसरीचा कॅरिबियन बेटं आणि मेक्सिकोच्या आखाताचा किनारा. तिसरी कोस्टारिका, पनामापासून कोलंबिया, व्हेनेझुएलापर्यंतची. तिकडं त्यांच्यावर जगणारे किडे आहेत, अळ्या आहेत. त्यामुळं झाड वाढतं, पण माजत नाही. परक्या मुलुखात आल्यावर ते खाणारं कुणी उरत नाही. फडा तुटून जमिनीवर पडला की तोच रुजतो, बोंडं पक्षी खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. मग रानच्या रान भरतं.

ते इतक्या लांब आलं कसं? याला कारण झालं एक लाल रंग.

मेक्सिकोत, विशेषतः वाहाका भागात, लोक फार पूर्वीपासून फड्या निवडुंगावर एक बारीक किडा पाळत. त्याला कोचिनील म्हणतात. किडा पांढऱ्या कापसासारख्या आवरणात बसून फड्यातला रस पितो. त्यातल्या माद्या वेचायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, की झळाळता लाल रंग मिळतो. रंगासाठी माद्याच घेतात. नर बारीक, पंखाचा आणि थोड्या दिवसांचा असतो. एक पौंड रंगासाठी सुमारे ७०,००० किडे लागत. स्पॅनिश लोकांनी १५२१ मध्ये मेक्सिको जिंकला आणि हा रंग युरोपात नेऊन अमाप पैसा केला. चांदीच्या खालोखाल मेक्सिकोतून निघणारा सगळ्यात मोलाचा माल हाच होता. जिवंत किडा देशाबाहेर जाऊ नये म्हणून कडक पहारा असे. किती तरी वर्षं युरोपातल्या लोकांना हे बी आहे की किडा, तेही कळलं नव्हतं.

आपल्याला हे नवल वाटायला नको. आपण गडद लाल रंगाला किरमिजी म्हणतो. तो शब्द अरबी-फारसीतल्या किर्मिज वरून आला आणि किर्मिज म्हणजे रंग देणारा एक किडाच. तो कोचिनीलचा जुन्या जगातला भाऊबंद. साडीचा रंग सांगताना आपण किड्याचं नाव घेतो हे मलाही महिन्यापूर्वी ठाऊक नव्हतं.

इंग्रजांना लष्करी अधिकाऱ्यांच्या लाल कोटांसाठी हा रंग स्पेनकडून विकत घ्यावा लागे. ईस्ट इंडिया कंपनीनं ठरवलं, आपणच हिंदुस्थानात किडा पाळू. मद्रासमध्ये कंपनीचे एक मोठे वैद्यकीय अधिकारी होते, डॉ. जेम्स अँडरसन. त्यांनी १७८० च्या दशकात याचा ध्यास घेतला, सैदापेटला निवडुंगाची बाग केली आणि निरनिराळ्या जाती मागवून लावल्या. मग १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलच्या रिओ दि जानेरोहून किडा कलकत्त्याला आणला.

फसगत झाली ती इथं. आणलेला किडा मेक्सिकोतला पाळीव किडा नव्हता, ब्राझीलचा रानटी होता. त्याचा रंग हलका आणि कमी. बाजारात भाव येईना. पण त्या किड्याला इथं भरपूर खायला सापडलं. ब्राझीलकडची निवडुंगाची जात त्याच्याच मुलखातली. उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात ती जात त्यानं जवळजवळ संपवली. एका किड्यानं माजलेलं झाड आटोक्यात आणल्याची ही जगातली पहिली नोंद मानतात, आणि ती कुणी ठरवून केलेली नव्हती. रंगाचा धंदा तर बुडालाच. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी लंडनमध्ये कृत्रिम रंग शोधला आणि पुढच्या काही दशकांत किड्याच्या रंगाची बाजारपेठच आटली.

साहेबांचा हिशेब असा मिटला. पण निवडुंगाच्या उरलेल्या दोन जातींना तो किडा तोंड लावत नव्हता. त्या दख्खनमध्ये आणि दक्षिणेत पसरत राहिल्या. कंपनी गेली, झाड राहिलं. आणि ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी त्याच्याशी जुळवून घेतलं.

हे जुळवून घेणं मला पुस्तकात सापडलं नाही. ते आजींकडून कळलं. वाचलेलं सांगायला मी त्यांच्या घरी गेले, तर त्यांनीच मला सांगायला सुरुवात केली. १९७२ च्या दुष्काळात त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. दिवसभर खडी फोडायची, सुकडी खायची. घरी दोन बैल आणि एक गाय. कडबा संपला होता. सासूबाई संध्याकाळी निवडुंगाचे फडे काठीनं तोडून आणायच्या, चिमट्यात धरून जाळावर भाजायच्या. काटे आणि बारीक कुसं जळून गेली की कोयत्यानं तुकडे करायचे आणि मूठ-मूठ कुट्टीत कालवून घालायचे. नुसते फडे घातले तर जनावराला हगवण लागते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आज पशुवैद्यकीय अधिकारीही तेच सांगतात. फड्यात दहातले साडेआठ-नऊ भाग पाणीच असतं, प्रथिनं कमी. म्हणून तो सुक्या चाऱ्याबरोबरच द्यायचा.

आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती रेडिओवर सांगू का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, सांग की, लाज कसली. तेव्हा गावात संडास नव्हते. बायका पहाटे अंधारात ओढ्याकडं जायच्या. निवडुंगाची ती रांग म्हणजे त्यांचा आडोसा. आजी म्हणाल्या, "काट्यात साप असायचं, विंचू असायचं. पर माणसाची नजर नसायची." एका वर्षी सफाईच्या नावाखाली रांगेचा अर्धा भाग तोडला गेला. संडास मात्र पुष्कळ वर्षांनी आले. मधल्या वर्षांत बायकांनी काय केलं, हे कुठल्याच कागदावर नाही.

हे ऐकून घरी आले आणि त्या रात्री मादागास्करची हकिगत वाचली. ती वाचून झोप लागली नाही.

मादागास्कर हे आफ्रिकेजवळचं मोठं बेट. १७६९ मध्ये तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर फ्रेंचांनी आपल्या किल्ल्याभोवती कुंपण म्हणून फड्या निवडुंग लावला. जात तीच, ब्राझीलकडची. तिथला दक्षिण भाग आपल्या माणदेशासारखा कोरडा. झाड पसरलं आणि तिथल्या अंतांद्रोय लोकांनी ते आपलंसं केलं. गावाभोवती निवडुंगाच्या भिंती, वाशिंडाच्या गुरांना भाजलेले फडे, माणसांना बोंडं. उन्हाळ्यात नद्या आटल्या की गुरांचं पाणीसुद्धा त्या फड्यांतच. फ्रेंच फौज तो मुलूख घ्यायला आली तेव्हा याच काटेरी भिंतींनी तिला अडवलं होतं.

पुढं फ्रेंचांचं राज्य आलं. काही अधिकाऱ्यांना ही काटेरी झाडी शेतीच्या आणि मजूर मिळण्याच्या आड येणारी वाटायची. काही म्हणत होते, याला हात लावू नका, माणसं यावर जगतात. १९२४ च्या सुमारास कोचिनीलचा किडा बेटावर आणून सोडला गेला. चार-पाच वर्षांत तो दक्षिणेत पसरला आणि मैलोनमैल निवडुंग कुजून आडवा झाला. पाठोपाठ पाऊस दगा देऊन गेला. गुरं पाण्यावाचून मेली. माणसं भुकेनं मेली, उरलेली गाव सोडून दूरच्या मळ्यांवर मजुरीला गेली. ते झाड त्या बेटाचं नव्हतं, हे खरं. पण दीडशे वर्षांत लोकांनी आपला संसार त्यावर उभा केला होता. झाड काढताना त्याच्या जागी काय, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण एकच बाजू सांगणं बरोबर नाही. ऑस्ट्रेलियात १७८८ मध्ये इंग्रजांची पहिली वसाहत गेली, तेव्हा जहाजं रिओला थांबली आणि तिथून निवडुंग आणि किडा घेऊन निघाली. त्याच लाल रंगासाठी. पुढं तिथं निवडुंगाच्या दुसऱ्याच एका जातीनं धुमाकूळ घातला. १९२० च्या दशकात सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन त्याखाली गेली. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या पाऊण हिश्शाहून जास्त! शेतकरी घरदार सोडून गेले. शेवटी १९२५ मध्ये अर्जेंटिनाहून एका पतंगाची अंडी आणली. त्याच्या अळ्या फडा आतून पोखरतात. सात-आठ वर्षांत बहुतेक जमीन मोकळी झाली. लोकांनी त्या किड्याच्या नावानं एक सभागृह बांधलं, ते अजून उभं आहे. तिथं झाड गेल्याचा आनंद झाला, कारण तिथं त्यावर कुणाची चूल चालत नव्हती.

आपल्याकडे १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणखी एक कोचिनीलचा किडा दक्षिण भारतात आणला गेला. तो मात्र राहिलेल्या दोन्ही जाती खाणारा होता. त्यानं निवडुंगाची गच्च रानं विरळ केली, पण मुळासकट संपवली नाहीत. म्हणून आपल्याला आज बांधाबांधानं तुकडे दिसतात. तुम्हाला हा इतिहास डोळ्यांनी बघायचा असेल तर उद्या जाऊन बघा. फड्यावर पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर काडीनं चिरडा. काडी लालभडक होईल. आमच्या गटातल्या पोरींनी करून बघितलं तेव्हा एक जण घाबरून ओरडलीच, "ताई, रक्त!" तिला म्हटलं, रक्त नव्हे, हाच तो रंग. याच्यापायी जहाजं समुद्र ओलांडून आली.

आता बिनकाट्याच्या निवडुंगाकडं येते. हेही नवीन नाही. अमेरिकेत ल्यूथर बरबँक नावाचे नामांकित रोपवाटिकावाले होते. १९०७ मध्ये त्यांनी बिनकाट्याच्या जातींची मोठी जाहिरात केली. वाळवंटात चारा पिकेल, गुरं पोसतील. लोकांनी फडे भारी भावानं घेतले. मग कळलं की काटे नसल्यामुळं मोकाट जनावरंच तो मुळासकट खातात, म्हणजे त्यालाच कुंपण हवं. आणि चांगला वाढायचा तर थोडं पाणी आणि देखभालही हवी. पुष्कळांचे पैसे बुडाले. पण झाड वाईट नव्हतं, जाहिरात मोठी होती. मेक्सिको, ब्राझील, ट्युनिशिया इथं शेतकरी तो आज चाऱ्यासाठी नीट राखून पिकवतात. आपल्याकडे जोधपूरच्या काझरी या केंद्रात आणि उरळीकांचनच्या बायफ संस्थेत त्याच्यावर काम झालं आहे. केंद्र सरकारही २०२२ पासून पाणलोटाच्या कामात निवडुंग लावा म्हणतंय.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. मग आम्ही ठरवलं, हो किंवा नाही म्हणायच्या आधी काही प्रश्न लिहून काढायचे आणि प्रस्ताव आणणाऱ्यांना विचारायचे. जुनी रांग काढली तर ओढ्याची दरड कोण धरून ठेवणार? नव्या झाडाला पहिली दोन वर्षं कुंपण कोण घालणार, पाणी कोण देणार? ते काम बायकांच्याच अंगावर येणार असेल तर त्याची मजुरी धरली आहे का? फडे कुठल्या संस्थेतून येणार आणि ते वाण आपल्या भागात कुणी लावून बघितलंय का? गायरानातला चारा कुणाच्या शेळ्या खाणार, ज्यांना जमीन नाही त्यांच्या का ज्यांच्या दावणीला आधीच कडबा आहे त्यांच्या?

उत्तरं अजून यायची आहेत. तोवर गटानं एवढंच केलंय की एका मैत्रिणीच्या परड्यात, कुंपणाच्या आत, बिनकाट्याचे २० फडे लावलेत. कापलेला फडा आठ-दहा दिवस सावलीत सुकवून मग लावायचा, नाहीतर कुजतो. फडा कसा वाढतो, शेळ्या आवडीनं खातात का, हे वर्षभर वहीत लिहायचं. ओढ्याकाठच्या रांगेला तूर्त हात लावायचा नाही. शेतात घुसलेले तुकडे मात्र काढून, एका जागी रचून, वाळवून जाळायचे. तोडून बांधावर टाकायचे नाहीत, कारण टाकलेला प्रत्येक फडा रुजतो.

आजींना मी सांगितलं की फड्या निवडुंग रामाच्या काळातला नाही, साहेबानं रंगापायी आणला. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आसंल बाई. मी बी ह्या गावची न्हवंच की. लगीन हून आले. पर आता मला कुणी काढाय आलं, तर आधी मला इचाराय नगं का?"

तुमच्या गावात फड्या निवडुंग कुठं आहे, त्याच्यावर कोण जगलं, तो काढला तेव्हा काय झालं, हे तुमच्या घरातल्या थोरल्या बायकांना विचारा आणि गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.